रक्तस्राव आणि पहिले तीन तास

जखम झाली की शरीर दोन परस्परविरोधी कामं हाती घेतं. एकीकडे फायब्रिन नावाच्या प्रथिनाचं जाळं विणून रक्त गोठवायचं, आणि दुसरीकडे तेच जाळं विरघळवायचं. एरवी हे विरघळवणंही हवंच, नाहीतर एकदा धरलेली गुठळी रक्तवाहिनीत ठाण मांडून बसेल. पण मोठ्या अपघातात सापडलेल्या माणसाच्या शरीरात हे दुसरं काम भलत्याच वेळी जोर धरतं. रक्त वाहत असतं आणि गुठळी धरते न धरते तोच विरघळायला लागते.

हे विरघळणं रोखता येईल का, असा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांना पडला. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. संशोधनासाठी रक्तच का निवडलं? साधनांची चणचण होती, आणि रक्त कमी पडलं तर स्वतःचं काढता येत होतं! मूल सांभाळायला कोणी नसे, म्हणून उताको लेकीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करत. 1962 साली या दोघांनी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जगासमोर ठेवलं.

त्याची करामत मला अजूनही थक्क करते. जाळं विरघळवणारं प्लाझ्मिन फायब्रिनला धरतं ते लायसिन या अमिनो आम्लाच्या ठिकाणी. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा रेणू घडणीने लायसिनसारखाच आहे. तो आधीच जाऊन प्लाझ्मिनच्या धरायच्या जागेत बसतो. कुलपात काडी मोडून राहिली की किल्ली आत शिरत नाही, तसंच हे. प्लाझ्मिनला फायब्रिन धरताच येत नाही आणि जाळं टिकतं.

औषध तयार झालं, पण उताकोंना ते ज्यांच्यासाठी हवं होतं त्या बाळंतिणींपर्यंत काही पोचलं नाही. कोबेतल्या डॉक्टरांना त्या चाचणीसाठी राजी करू शकल्या नाहीत. पाळीतला अतिस्राव, दात काढणं, शस्त्रक्रिया, अशा ठिकाणी ते वापरात राहिलं. अपघाताच्या रुग्णांवर त्याची मोठी परीक्षा व्हायला जवळपास अर्धं शतक जावं लागलं.

ती घेतली लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या इयान रॉबर्ट्स, हलीमा शकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. चाचणीचं नाव क्रॅश-2. 40 देश, 274 रुग्णालयं, 20,211 जखमी. त्यात भारतातल्या रुग्णांचाही मोठा वाटा होता. पद्धत साधी होती. चिठ्ठी टाकावी तसं निव्वळ योगायोगाने ठरायचं की कोणाला औषध आणि कोणाला तसंच दिसणारं निष्क्रिय द्रव्य. देणाऱ्या डॉक्टरलाही ते कळायचं नाही. 2010 मध्ये निकाल आला. औषधाविना हजारी 160 माणसं दगावली, औषध दिलेल्यांत 145. हजारी 15 हा आकडा किरकोळ वाटेल, पण औषध स्वस्त आणि द्यायला सोपं. दहा मिनिटांत एक ग्रॅम, मग आठ तासांत आणखी एक. ही 15 माणसं घरी परत गेली.

पण खरा धक्का पुढच्या वर्षी बसला. तीच माहिती वेळेनुसार तपासली, तेव्हा पहिल्या तासात औषध मिळालेल्यांना फायदा सर्वांत जास्त दिसला. तीन तास उलटल्यावर दिलं, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढले! औषध तेच, मात्रा तीच, फरक फक्त घड्याळाचा. पुढे 40,000 हून अधिक रुग्णांच्या एकत्रित अभ्यासातून दिसलं की दर 15 मिनिटांच्या उशिराने फायदा सुमारे 10 टक्क्यांनी घटतो.

बाळंतिणींची पाळी आली 2017 मध्ये. 20,060 स्त्रियांवरच्या ‘वूमन’ चाचणीत, प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांचे रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले. उताको आदल्याच वर्षी, 98 व्या वर्षी, वारल्या होत्या. हा निकाल त्यांना बघायला मिळाला नाही, याची चुटपुट मनातून जात नाही.

इतकं यश पाहून कोणालाही वाटेल, पोटातल्या रक्तस्रावालाही हेच द्यावं. पचनमार्गातून रक्त जाणाऱ्या 12,009 रुग्णांवर तेही करून पाहिलं. 2020 मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत, उलट शिरांमधल्या गुठळ्या वाढल्या. एका जागी तारणारं औषध दुसऱ्या जागी निरुपयोगी ठरू शकतं, आणि हे मोठी चाचणी घेतल्यावाचून कळलं नसतं. म्हणून ‘काही फायदा नाही’ सांगणारा हा निकालही मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

आपल्या रस्त्यांवर हे तीन तास बहुतेकदा बघ्यांच्या गर्दीतच सरायला लागतात. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीने माणसं पुढे होत नाहीत. तुम्ही पुढे व्हा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, 108 ला फोन करा, आणि अपघात किती वाजता झाला ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिलेलं आहे, आणि स्वतःचं नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.