जग आहे, हे गृहीतच!

अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी उरली आहे असे धरून आपण पाऊल टाकता, आणि पाय सपाट फरशीवर दणकन आपटतो. क्षणभर छातीत धस्स होते. आता पाहा, ‘खाली पायरी आहे’ असा विचार आपण मनात मुळीच केलेला नव्हता. तरी तशी समजूत होतीच, नाहीतर धक्का कसला बसला? आणि त्यानंतर आपण काय म्हणता? ‘पायऱ्या मोजायला चुकलो.’ जिना आहे की नाही, जग आहे की नाही, अशी शंका काही आपण घेत बसत नाही.

या न उच्चारलेल्या भरवशाला जर्मन तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल (१८५९–१९३८) यांनी ‘नैसर्गिक वृत्ती’ असे नाव दिले. हुसर्ल मूळचे गणिती. फिनॉमिनॉलॉजी या विचारपद्धतीचे प्रवर्तक. १९१३ सालच्या आपल्या ग्रंथात ते स्वतःच्या लिहिण्याच्या मेजापासूनच सुरुवात करतात. समोर मेज दिसते. पण पाठीमागची खोली, पलीकडचा व्हरांडा, बाग, बागेतली मुले, हे सारे न दिसताही ‘आहे’च. शिवाय त्या वस्तू नुसत्या वस्तू नसतात. पेला पाणी पिण्यासाठी असतो, माणसे कोणी मित्र, कोणी परकी असतात. हे अर्थ आपण मागाहून चिकटवत नाही. जग आपल्याला भेटते तेच असे अर्थासकट.

इथे आपल्याकडच्या वाचकाला वेदान्तातला दोरीवरचा साप आठवेल. तो दृष्टान्त जगाच्या मिथ्यात्वाकडे नेतो. हुसर्ल यांचा रोख निराळा. साप खोटा ठरला, दोरी खरी ठरली. पण ज्या अंगणात ती पडली होती ते अंगण? त्याच्याबद्दल कोणी शंकाच घेतली नाही! एकेक गोष्ट खोटी ठरते, जग मात्र तसेच राहते. हा भरवसा त्यांना खोटा ठरवायचा नाही. तो फक्त कंसात घालायचा, म्हणजे तात्पुरता वापरायचा नाही, आणि जग आपल्याला ‘आहे’ असे कसे वाटते ते न्याहाळायचे. याला त्यांनी ‘एपोखे’ हा जुना ग्रीक शब्द योजला. सांगायला सोपे, करायला महाकठीण बरं का! डोळ्यांवरच्या चष्म्याची काच त्याच चष्म्यातून तपासण्यासारखेच ते.

पुढे आल्फ्रेड शुट्झ यांनी ही गोष्ट उलटी करून दाखवली, आणि मला तरी ती अधिक मोलाची वाटते. शुट्झ १८९९ साली व्हिएन्नात जन्मले. दिवसा बँकेतले काम, उरलेल्या वेळात तत्त्वज्ञान. ते म्हणतात, साध्या माणसाचाही एक एपोखे असतो. पण तो जगाला कंसात घालत नाही, शंकेला घालतो. जग दिसते त्याहून वेगळे असेल, ही शंका तो बाजूला ठेवतो, म्हणून तर त्याचा दिवस पार पडतो.

हे त्यांना पुस्तकातूनच कळले असे नव्हे. १९३३ पासून जर्मनीत ज्यू कुळातील हुसर्लना विद्यापीठीय जीवनातून बाजूला सारले गेले होते. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, आणि स्वतः ज्यू असलेले शुट्झ पॅरिसमार्गे १९३९ मध्ये न्यूयॉर्कला गेले. तिथे १९४४ साली त्यांनी ‘परका’ या विषयावर निबंध लिहिला. गावातल्या माणसाला कोणाला काय विचारावे, कुठे हसावे, कुठे गप्प बसावे, हे पाठ केल्याशिवाय येते. परक्याला मात्र यातले प्रत्येक थांबून पाहावे लागते. भाषा कोशातून येईल हो. पण कोणता शब्द कुठे बोचतो ते कोश सांगत नाही. गाव म्हणते, आम्ही आसरा दिला, तरी हा आमच्या रीतींकडे संशयानेच पाहतो, कृतघ्न आहे. ज्या रीती गावाला छप्परासारख्या वाटतात, त्या नवख्याला अजून वाट न सापडलेल्या गल्ल्यांसारख्या वाटतात, हे गावाच्या ध्यानातच येत नाही.