धातूचा पृष्ठभाग आणि अस्थीचे संधान

‘ऑसिओइंटिग्रेशन’ या संज्ञेत अस्थिवाचक लॅटिन शब्दाला एकात्मतेचा अर्थ जोडलेला आहे. स्वीडिश संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९५०च्या दशकात सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे निरीक्षण-उपकरण पुढे निघेना. तेथून या संकल्पनेचा उगम झाला. १९६५ मध्ये मानवी जबड्यात तिचा प्रथम उपयोग झाला. मात्र ‘एकात्म’ हे रूपक फसवे आहे. धातू अस्थीत विरघळत नाही. टायटॅनियमवर हवेच्या संपर्कातच काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढतो आणि ऊतीचा संबंध येतो तो या थराशी. मराठीत ‘संधान’ हा शब्द त्या मानाने अधिक प्रामाणिक ठरावा. त्यात दोहोंचे वेगळेपण शिल्लक राहते.

शरीर धातू ‘स्वीकारते’ असे म्हटल्याने मूळ प्रक्रिया झाकली जाते. रोपण बसताच त्याभोवती रक्ताची गुठळी धरते. केवळ यंत्रावर कातलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावरून गुठळीतील फायब्रिनचे तंतू आकुंचन पावताना सुटू शकतात. मग नवे हाड जुन्या हाडाच्या कडेपासून सावकाश धातूकडे सरकते. पृष्ठभाग खडबडीत असल्यास तंतू टिकून राहतात, त्यांच्या आधाराने अस्थिजनक पेशी धातूपर्यंत पोहोचतात आणि हाडाची निर्मिती थेट त्याच्यावरच आरंभ पावते.

हा खडबडीतपणा कणांचा मारा करून व नंतर आम्लाने कोरून आणला जातो. डॅनियल बुसर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये डुकरांवरील प्रयोगात दाखविले की, अशा पृष्ठभागाशी हाडाचा थेट संपर्क सुमारे ५० ते ६० टक्के, तर गुळगुळीत पृष्ठभागाशी २० ते २५ टक्के होता. पूर्वी रोपणावर दात चढविण्यास तीन ते सहा महिने थांबावे लागे. योग्य रुग्णांत तो अवधी आता सहा ते आठ आठवड्यांवर येऊ शकतो.

परंतु खडबडीतपणा वाढवीत नेल्याने लाभ वाढत जात नाही. सरासरी एक ते दोन मायक्रोमीटर उंचसखलपणा अनुकूल मानला जातो. शिवाय हिरडी उतरून तोच पृष्ठभाग तोंडात उघडा पडला, तर पेशींना आधार देणारे खाचखळगे जिवाणूंनाही आश्रय देतात आणि त्यांची सफाई अवघड होते.