दुष्काळानं देव दिले नाहीत: धाराशिवबद्दलचे काही गैरसमज

धाराशिवचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य कानावर येतं: पाऊस नाही, म्हणून माणसं देवभोळी; निजामाचा मुलूख, म्हणून राजकारणही तसलंच. भूगोल आणि इतिहास विचारांना वळण देतात, यात वाद नाही. पण ते वळण इतकं सरळ नसतं.

गैरसमज: दुष्काळामुळे इथं देवधर्म फोफावला.

तेरणाकाठचं तेर म्हणजे प्राचीन तगर. जिल्ह्यातलं हे जुनं धर्मकेंद्र वाढलं ते बाजारपेठेच्या जोरावर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगरची नोंद आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याच घडणीची मूर्ती इटलीत, ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडली. माल जात होता त्या वाटांवरून पंथही ये-जा करत होते. गावातल्या त्रिविक्रम मंदिराची जुनी विटांची वास्तू मागच्या बाजूनं गोलाकार आहे, थेट बौद्ध चैत्यगृहासारखी; आत मात्र विष्णूचा त्रिविक्रम उभा. ती मुळात बौद्ध की पहिल्यापासून वैष्णव, यावर अभ्यासक अजून भांडतात. धाराशिवजवळच्या लेण्यांत जैन तीर्थंकर आहेत. पुढं याच तेरमध्ये कुंभार संत गोरोबाकाकांनी चाक फिरवत विठ्ठलाचं नाव घेतलं. पर्जन्यछायेतली जागा तीच राहिली, पंथ मात्र बदलत गेले. पावसानं धर्म ठरत असता तर असं झालं नसतं.

गैरसमज: तुळजाभवानी म्हणजे सरदारांची रणदेवता.

ती भोसल्यांची कुलस्वामिनी, हे खरंच. पण तुळजापूर बालाघाटाच्या कडेवर आहे. इथल्या डोंगररांगेच्या एका अंगाचं पाणी बोरीतून भीमेला जातं, दुसऱ्या अंगाचं तेरणेतून गोदावरीच्या खोऱ्यात. अशा नाक्यावरच्या देवीला एकाच भाषेचे भक्त कसे असतील? कोजागरीला सोलापूर आणि कर्नाटकाकडून पायी येणाऱ्यांची रीघ लागते. दसऱ्यानंतर देवी ज्या पलंगावर निद्रा घेते, तो पलंगही नगरकडून येतो.

गैरसमज: हैदराबाद मुक्तिसंग्राम म्हणजे हिंदू विरुद्ध मुसलमान, आणि तो झगडा या मातीतच होता.

हा सगळ्यांत चिवट. आधी माती पाहू. जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली; तिथं शिकवत असतानाच स्वामी रामानंद तीर्थांनी संन्यास घेतला आणि पुढं हैदराबाद स्टेट काँग्रेसचं नेतृत्व केलं. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या सशस्त्र दलाचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करत होता, आणि लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होतं. जिल्हा एक, निजामाचं राज्यही एकच, आणि त्यातून निघालेलं राजकारण परस्परविरोधी. भूगोलाचा खरा हात दिसतो तो सरहद्दीवर. शेजारचं सोलापूर निजामाच्या हद्दीबाहेर, त्यामुळे कार्यकर्त्यांना पलीकडे आसरा होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य फौज सोलापूरहूनच आत शिरली आणि तिनं पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला, कारण हैदराबादचा रस्ता तिथं बोरी ओलांडतो. चार दिवसांनी, १७ तारखेला, निजाम शरण आला.

राहिला धर्माचा प्रश्न. भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूनं लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान मुसलमान होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला, तो रझाकारांनी केला. आणि रझाकारांच्या अत्याचारांबद्दल बोलताना पुढचं पान उलटायचं टाळू नये. सप्टेंबरमधल्या या लष्करी मोहिमेनंतर, म्हणजे ‘पोलीस कारवाई’नंतर, मुसलमानांवर जे ओढवलं, त्याची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याच वर्षाअखेर केली. संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज आहे. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे तिनं चार सांगितले: उस्मानाबाद (म्हणजे आजचं धाराशिव), गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल सामान्य वाचकाला खुला व्हायला २०१३ साल उजाडलं.