घाटमाथ्यावर होडी बांधताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लोणावळ्यात घरी लाकडी होडी बांधायची म्हटली की लोक म्हणतात, त्याला कारखाना लागतो, कोकणातला मुरलेला सुतार लागतो. फळ्या वाकवून ठोकायची होडी असेल तर ते खरंच आहे. नवशिक्यासाठी दुसरी वाट आहे. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी हौशी माणसांसाठीच ‘मिरर’ ही सुमारे अकरा फुटी होडी आखली. प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेनं टाचायचे आणि सांध्यांवर रेझिन लावून फायबरग्लासची पट्टी चढवायची. जिगसॉ, ड्रिल, रंधा, पक्कड आणि सॅण्डपेपर एवढ्यावर भागतं. आठ फुटी होडीला मोटारीची जागा पुरते. तयार होडी दारातून निघेल ना, हे मात्र आधी मोजावं.

लाकूड आता जुनं झालं, असंही ऐकू येतं. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. फायबरग्लासच्या आवरणाखाली तिचा गाभा लाकडाचाच आहे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती प्लायमध्ये. ‘एमआर’ शिक्क्याचा प्लाय फक्त दमटपणा सोसतो, पाणी नाही. होडीसाठी ‘आयएस ७१०’ शिक्का पाहूनच घ्यावा. त्याच्या थरांमधला डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. पण टिकतो तो डिंक. लाकूड कुजू शकतंच. कापलेली प्रत्येक कड पाणी पिते, म्हणून कडांना इपॉक्सी रेझिनचे हात आधी द्यावेत.

समुद्राचं खारं पाणी लाकूड खातं, पवना धरणाचं गोडं पाणी निरुपद्रवी, ही समजूत अर्धीच खरी. लाकूड पोखरणारा समुद्री किडा धरणात नसतो, हे बरोबर. पण कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणीच मानवतं. लोणावळ्याच्या पावसात उघडी ठेवलेली होडी तळाशी साचलेल्या पाण्यानं आतून कुजते. ती पालथी, जमिनीपासून उचलून आणि वारा खेळेल अशी ठेवावी.

इपॉक्सीचं कामही पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत तिच्यावर मेणचट थर धरतो आणि वरचा हात सुटतो. थर धरलाच तर पाण्यानं धुऊन, वाळवून, घासून मग पुढचा हात द्यावा. जून ते सप्टेंबर नकाशे आखावेत, तुकडे कापावेत, चिकटवणं दिवाळीनंतर.

लाकूड तरंगतं, म्हणजे होडी बुडणार नाही, हा समज जिवावर बेततो. पाण्यानं भरलेली लाकडी होडी कशीबशी तरंगेल, पण माणसांचं वजन पेलेलच असं नाही. दोन्ही टोकांना बंद हवाकप्पे हवेत, आणि अंगात लाइफ जॅकेट. धरण दिसलं म्हणून होडी सोडायलाही मोकळीक नाही: वळवण धरण टाटा पॉवरचं, पवना जलसंपदा विभागाचं. परवानगी आधी घ्यावी. मग गुडघाभर पाण्यात होडी मुद्दाम भरून, त्यात बसून हवाकप्पे तपासावेत.