दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : मार्ग लांबचा, वेळ कमी

जमिनीवरील प्रवासात अंतर आणि वेळ यांचा हिशेब सरळ असतो. अंतर वाढले की वेळही वाढतो, एस.टी.चे वेळापत्रक याच न्यायाने बांधलेले असते. आकाशमार्गास मात्र हा न्याय नेहमीच लागू पडत नाही.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही थेट विमानसेवा सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेकडे निघून अटलांटिक महासागर ओलांडीत असे. हे अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट दिशेने, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. अंतर १५,३०० किलोमीटर झाले. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचले. सुमारे दोन तास वाचले!

याचे कारण वाऱ्यात आहे. भूपृष्ठापासून सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे ‘जेट’ नावाचा वेगवान वायुप्रवाह वाहतो. विषुववृत्ताकडील उष्ण व ध्रुवाकडील थंड हवेच्या तापमानातील तफावत आणि पृथ्वीचे परिवलन यांतून तो निर्माण होतो. हिवाळ्यात ही तफावत वाढते आणि प्रवाह अधिक जोर धरतो. प्रवासी विमाने साधारण याच उंचीवरून उडतात. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर धरला आणि पाठीमागून १५० किलोमीटरचा वारा मिळाला, तर जमिनीच्या संदर्भात तो वेग १,०५० होतो. तोच वारा समोरून आला तर ७५० वर येतो. शिक्षकांनी १५,३०० ला साडेचौदाने भागण्याचे उदाहरण वर्गात अवश्य घालावे.

घड्याळाची गंमत निराळीच. पूर्वेकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते. दिल्लीहून पहाटे चार वाजता निघून साडेचौदा तासांनी उतरणाऱ्या प्रवाशास तेथे उन्हाळी वेळेनुसार त्याच तारखेचे सकाळचे सहा वाजलेले दिसतात.

भिंतीवरील नकाशा येथे फसवा ठरतो. शाळेतील पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सायबेरिया व आर्क्टिक प्रदेशावरून जातो. हे सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. प्रत्यक्षात विमानास वारा, इंधन आणि देशोदेशींच्या हवाई हद्दी यांचा मेळ घालून मार्ग ठरवावा लागतो.

यांपैकी हवाई हद्दीचा प्रश्न केवढा खर्चाचा असतो, हे २०१९ मध्ये दिसून आले. त्या वर्षी २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती. पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा घालावा लागला. इंडिगोच्या दिल्ली-इस्तंबूल विमानास तर इंधनासाठी दोहा येथे उतरणे भाग पडले. एकट्या एअर इंडियाचे २ जुलैपर्यंतचे नुकसान ४९१ कोटी रुपये झाल्याचे शासनाने राज्यसभेत सांगितले.