टरफलातून तुरीच्या रानात

कोळंबीचे टरफल आणि बुरशीची पेशीभिंत या दोहोंत एक द्रव्य समान आहे, कायटिन. साठ वर्षांचे संशोधन या साम्यावर उभे आहे आणि त्याचा धडा एकच: टरफल रानात टाकून भागत नाही, त्यावर कोणता जिवाणू पोसायचा याची निवड महत्त्वाची. 1961च्या सुमारास अमेरिकेत मिचेल आणि अलेक्झांडर यांनी मातीत कायटिन मिसळले, तेव्हा घेवड्याची फ्युजेरियम मूळकूज कमी झाली. कायटिन खाणारे सूक्ष्मजीव वाढले आणि बुरशीच्या भिंतीही त्यांच्या तडाख्यात सापडल्या, असा त्याचा अर्थ लागला. मात्र नेमके कोण वाढेल, हे त्या-त्या मातीवर सोपवलेले होते. निवडीची वाट तैवानमध्ये सान-लांग वांग यांच्या कामाने ठळक केली. त्यांनी कोळंबी-खेकड्याच्या टरफलांच्या भुकटीवरच जिवाणू वाढवून बुरशीरोधक कायटिनेज, म्हणजे कायटिन तोडणारी विकरे मिळवली. टरफलातून शुद्ध कायटिन काढायचे तर प्रथिने आणि कॅल्शियम कार्बोनेट वेगळे करायला अल्कली आणि आम्ल वापरावे लागते, मग त्या सांडपाण्याची काळजी आलीच. जिवाणूला भुकटी तशीच चालते, यात या पद्धतीचे खरे मोल आहे.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो रास्त आहे. वांग यांच्या 1997च्या शोधनिबंधातला स्यूडोमोनास एरुजिनोसा दुर्बल रुग्णांना गंभीर संसर्ग करतो. असा जिवाणू शेतात फवारता येणार नाही. पण 2002मध्ये त्यांनीच बॅसिलस ॲमायलोलिक्विफेशियन्सच्या एका वाणापासून बुरशीरोधक कायटिनेज मिळवले. बॅसिलसचे बीजाणू टिकाऊ असल्याने खत-औषधाच्या पुडीतही ते तग धरतात. दुसरा आक्षेप असा की प्रयोगशाळेतले यश रानात टिकत नाही. हैदराबाद विद्यापीठात मंजुळा आणि पोडिले यांनी 2001मध्ये बॅसिलस सबटिलिसला कायटिनची जोड दिली, तेव्हा भुईमुगाची मानकूज आणि तुरीची मर यांवरचे नियंत्रण सुधारले. जिवाणूबरोबर त्याचे खाद्यही दिले तर तो जोमाने काम करतो, हे त्यातून दिसते.

तिसरा आक्षेप मर्यादा दाखवतो. द्राक्षावरच्या भुरीची बुरशी कायटिनची भिंत बाळगते. केवड्याचा रोगकारक मात्र खरी बुरशी नाही, त्याच्या भिंतीत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतात. तिथे कायटिनेजवर भिस्त ठेवणे चूक. म्हणून पुडीवर जिवाणूचे वाण आणि तो कोणत्या रोगावर चालतो, हे स्पष्ट लिहिलेले हवे. तेवढी काटेकोर निवड झाली, तरच बंदरावर कुजणारे टरफल शेतकऱ्याच्या भरवशाचे होईल.