गच्चीवरच्या खुर्च्या साफ करताना छातीची काळजी घ्या

पावसाळा संपला की गच्चीवरच्या, बाल्कनीतल्या खुर्च्यांकडे लक्ष जाते. पायांवर हिरवट शेवाळ, खाचांमध्ये काळी बुरशी, गाद्यांना कुबट वास. दिवाळीच्या आधी सगळे लख्ख करायचे म्हणून घरात असेल ते वापरले जाते. मग कोणीतरी खोकत, डोळे चोळत दवाखान्यात येते आणि सांगते, "नुसत्या ब्लीचने डाग निघेना, म्हणून त्यात थोडे टॉयलेट क्लीनर टाकले."

असे कधीही करू नका. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते आणि बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू बाहेर पडतो. ब्लीचिंग पावडरचेही तेच. व्हिनेगर आणि लिंबाचा रस हीसुद्धा आम्लेच आहेत, त्यामुळे तेही ब्लीचमध्ये नको. "गच्ची तर उघडी आहे" असे म्हणून निर्धास्त राहू नका. खुर्ची घासताना तुमचे तोंड बादलीपासून हातभर अंतरावर असते आणि क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने तिथेच खाली रेंगाळतो.

चुकून असे झालेच तर बादली ओतत बसू नका. आधी तिथून दूर मोकळ्या हवेत जा. डोळे चुरचुरत असतील तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. अंगावर उडालेले कपडे बदला. धाप लागत असेल, छाती आवळल्यासारखी वाटत असेल किंवा खोकला थांबत नसेल तर १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. सुरुवातीला बरे वाटले तरी काही तासांनी त्रास वाढू शकतो, म्हणून त्या रात्री माणसाला एकटे ठेवू नका.

दमा असलेल्या व्यक्तीने ही सफाई दुसऱ्या कोणाला तरी करू द्यावी. इथे नुसती बुरशीसुद्धा पुरेशी असते. कोरडी बुरशी खराखरा घासली की तिचे बीजाणू हवेत उडतात आणि दम्याचा झटका येऊ शकतो. म्हणून आधी पाणी मारून ओले करा, मग घासा. एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे घाला.

खरे सांगायचे तर प्लॅस्टिकच्या खुर्चीला कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश एवढे पुरते. थोडा डाग राहिला तर राहू द्या, त्याने कोणी आजारी पडत नाही. वेताची खुर्ची भिजवू नका. ओल्या फडक्याने पुसून उन्हात खडखडीत वाळवा. गादीच्या फोममध्ये आत बुरशी गेली असेल तर ती धुऊन निघत नाही, गादी टाकून द्या.

आता डासांचे. खुर्च्या उलट्या करून ठेवल्या की खालच्या खळग्यात, किंवा झाकलेल्या प्लॅस्टिकच्या घडीत पाणी साचते. डेंग्यू पसरवणारा एडीस डास अशा साठ्यात पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आले की उबतात. म्हणून पाणी नुसते ओतून देऊ नका, ती जागा ब्रशने घासा. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, तेव्हा पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हे करा.

झोपाळ्याची गंजलेली कडी हाताला लागली तर धनुर्वाताची भीती वाटते. धनुर्वाताचे जंतू गंजात तयार होत नाहीत, ते माती-धुळीत असतात. गच्चीवरच्या जखमेत मात्र माती असतेच. जखम साबण-पाण्याने धुवा आणि शेवटची लस घेऊन ५ वर्षांहून जास्त काळ झाला असेल किंवा आठवतच नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

सफाई करतानाच प्रत्येक खुर्चीचे पाय दाबून पाहा. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले प्लॅस्टिक ठिसूळ होते. तडा दिसला तर त्या खुर्चीवर आजी-आजोबांना बसवू नका.